पॅरिसच्या संसदेत ताहितीचा खासदार नेमकं काय करू शकतो?

मीनल_सातारा

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला भूगोल शिकवते. परवा वर्गात प्रशांत महासागराचा नकाशा टांगला होता. एका मुलीने ताहितीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, इथे कंसात फ्रान्स का लिहिलंय?" मी सांगितलं, ही फ्रेंच पॉलिनेशियाची बेटं, फ्रान्सच्या अखत्यारीतली, आणि तिथले लोक पॅरिसच्या संसदेत आपले खासदारही निवडून पाठवतात. मला वाटलं एवढ्याने भागेल. तिने लगेच विचारलं, "मग एवढ्या लांब जाऊन तो खासदार बोलतो काय? आणि त्याचं ऐकतं कोण?"

तेवढ्यात तास संपला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन शोधाशोध केली. २०२२ मध्ये तेमाताई ले गायिक नावाचा २१ वर्षांचा मुलगा तिथून निवडून आला आणि १९५८ नंतरच्या फ्रान्समधला सर्वांत तरुण खासदार ठरला, एवढं सापडलं. ही बातमी मुलांना आवडेल, पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. अशा एखाद्या खासदाराची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला ठाऊक आहे का? मुलांना गोष्ट लागते. खरी आणि सगळी हवी, वाईट भागासकट.

अनघा_लिऑन

मीनलताई, मी तेरा वर्षं फ्रान्समध्ये आहे, म्हणून व्यवस्थेपुरतं सांगते. इथल्या लोकसभेत, म्हणजे नॅशनल असेंब्लीत, ५७७ जागा आहेत. त्यातल्या २७ समुद्रापलीकडच्या प्रदेशांच्या: रेयुनियाँच्या सात, मार्तिनिक आणि ग्वादलूपच्या चार-चार, फ्रेंच पॉलिनेशियाच्या तीन, अशा. आपला लक्षद्वीपचा एक खासदार असतो तसंच वॉलिस-फुतुना नावाच्या चिमुकल्या बेटांनाही एक जागा आहे. या खासदारांना पूर्ण मताधिकार असतो, नुसतं पाहुणे म्हणून बसवत नाहीत. बेटं एवढी विखुरलेली आहेत की २०२२ च्या निवडणुकीत पॉलिनेशियातली पहिली फेरी इथल्यापेक्षा आठवडाभर आधीच उरकली होती.

कारकीर्द म्हणाल तर मला एकच नाव सुचतं, पुवानाआ आ ओपा. पण त्यांच्याबद्दल इथे लिहिणारे एक काका आहेत. पूर्वी एका धाग्यात त्यांनी ताहितीच्या राजधानीचा, पापेएते बंदराचा उल्लेख केला होता. दर्यावर्दीकाका, आहात का?

दर्यावर्दी_हर्णै

आहे, अनघा. आठवण ठेवलीस, बरं वाटलं.

मीनलताई, मी बोटीवर सेकंड इंजिनियर होतो. चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. १९९६ च्या मार्चमध्ये आमचा टँकर डिझेल घेऊन पापेएतेला लागला. दोन दिवसांत सुटायचा, पण एक जनरेटर बसला आणि त्याचा सुटा भाग न्यूझीलंडहून येईपर्यंत आम्ही नऊ दिवस धक्क्यावर अडकलो. त्या नऊ दिवसांत मला या माणसाचं नाव पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल जे हाती लागलं ते वाचत आलोय.

धक्क्यावर दोर घ्यायला एक म्हातारा यायचा. साठीचा असेल, खांदे एवढे रुंद, कानामागे रोज एक पांढरं तियारेचं फूल. त्याला मोडकं इंग्रजी येई, मला मोडकं फ्रेंच. तिसऱ्या दिवशी त्याने मला घरी जेवायला नेलं. कच्चा मासा लिंबात मुरवून वर नारळाचं दूध, आणि भाजलेला नीरफणस. नीरफणस! माझ्या आईने परसात लावलेलं झाड मला प्रशांत महासागराच्या मधोमध भेटलं. त्याच्या पडवीत खोबरं वाळत घातलं होतं. तो वास डोळे मिटून घेतला असता तर मी हर्णैलाच होतो.

भिंतीवर एका वृद्ध गृहस्थाचा फोटो होता, फ्रेमवर शिंपल्यांची माळ. मी विचारलं, वडील का? तो म्हणाला, "मेतुआ." मेतुआ म्हणजे बाप. मला वाटलं, हो म्हणाला. मग त्याच्या बायकोने समजावलं की हे यांचे वडील नाहीत, हे सगळ्यांचे मेतुआ, पुवानाआ. आमचे खासदार.

आता गोष्ट. पुवानाआ १८९५ साली हुआहिने बेटावर जन्मले. हे ताहितीच्या वायव्येला, त्याच द्वीपसमूहातलं. धंद्याने सुतार. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी स्वयंसेवक म्हणून लढायला गेले. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण पुढे ज्या सरकारने त्यांना तुरुंगात घातलं त्याच देशासाठी हा माणूस तरुणपणी लढला होता. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावरही ते जर्मनांपुढे न झुकणाऱ्या द गॉलच्या बाजूला उभे राहिले.

पण फ्रान्सवर प्रेम म्हणजे पापेएतेतल्या साहेबांचं सगळं निमूट ऐकणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. युद्धाच्या काळात प्रशासनाचा गैरकारभार आणि व्यापाऱ्यांची नफेखोरी यांवर ते उघड बोलले. म्हणून त्यांना हुआहिनेला स्थानबद्ध केलं. तिथून ते होडीने बोराबोराला गेले. तिथे तेव्हा अमेरिकनांचा तळ होता, त्यांच्या कानावर गाऱ्हाणं घालायचं होतं. अमेरिकनांच्या बेटावरूनही त्यांना परतच पाठवण्यात आलं. मी दर्यावरचा माणूस, म्हणून सांगतो: त्या बेटांच्या भोवती प्रवाळाची भिंत असते, तिच्यात अरुंद वाट, आणि वाटेबाहेर उघडा महासागर. लहान होडीने तिथून बाहेर पडायला काळीज लागतं.

१९४७ च्या जूनमध्ये 'विल द'आमिआँ' नावाची बोट पापेएतेला आली. तिच्यावर फ्रान्सहून तीन नवे अधिकारी आले होते. पुवानाआ आणि त्यांचे साथीदार धक्क्यावर आडवे गेले, कारण ही कामं इथल्या माणसांना येतात, मग बाहेरून माणसं का आणता? पकडले गेले, काही महिने कोठडीत राहिले, नोव्हेंबरमध्ये निर्दोष सुटले. आणि कोठडीतून बाहेर आले ते पुढारी होऊनच. मला हा धक्का दाखवताना म्हातारा पायाने जमिनीवर आपटून म्हणाला होता, "इथे." मी तिथे रोज उभा राहून बोटीच्या पाईपांची मापं घेत होतो.

१९४९ मध्ये आधीचे खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. सुतार निवडून आला. १९५१ ला परत, १९५६ ला परत. त्यांच्या पक्षाला, ज्याला सगळे आरडीपीटी म्हणत, १९५३ मध्ये तिथल्या विधानसभेत २५ पैकी १८ जागा मिळाल्या.

जेवण झालं की बाकीचं लिहितो.

मीनल_सातारा

काका, मी हे वहीत उतरवून घेतेय. एक विचारू? ते पॅरिसला जाऊन बोलत कसे होते? भाषणं फ्रेंचमध्येच करावी लागत असतील ना?

दर्यावर्दी_हर्णै

ताई, त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा तुम्ही नेमका पकडलात.

पुवानाआंचं फ्रेंच सफाईचं नव्हतं. पॅरिसच्या सभागृहात ते फारसे बोलले नाहीत. तिथे त्यांची छाप पडली असं कुणी म्हणत नाही. पण ताहितीत, ताहितीयन भाषेत बोलायला उभे राहिले की माणसं तासन्‌तास बसून राहत. बायबल त्यांना तोंडपाठ होतं. लोक प्रोटेस्टंट, घराघरात ताहितीयन बायबल. हा माणूस कराचा, पगाराचा, जमिनीचा मुद्दा बायबलातल्या एखाद्या दाखल्यात गुंफून सांगायचा. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेऊन उत्तररंगात गावातल्याच गोष्टीवर येतो, तसं. फोटोखालच्या फळीवर त्या म्हाताऱ्याने बायबल ठेवलं होतं, पानं खाऱ्या हवेने फुगलेली. तो म्हणाला, मेतुआ बोलायचे तेव्हा माझे वडील घरी येऊन ती पानं उघडून बघायचे, खरंच तसं लिहिलंय का. लिहिलेलं असायचंच.

तेव्हा ताहितीला मोठ्या विमानांची धावपट्टी नव्हती. फाआआचा विमानतळ १९६० च्या सुमाराचा. त्याआधी खासदार पॅरिसला निघाला म्हणजे मुख्यतः बोटीचा प्रवास, पनामा कालव्यातून फ्रान्सच्या मार्सेल बंदरापर्यंत, महिन्याहून अधिक. पंधरा-सोळा हजार किलोमीटर अंतर. त्या मार्गावर मी स्वतः बोट नेली आहे. पनामापर्यंतचे दिवस संपता संपत नाहीत, क्षितिजावर काहीच येत नाही. एवढा रस्ता कापून गेल्यावर समोर सहाशे माणसं, त्यांतल्या बहुतेकांना तुमचं बेट नकाशावर दाखवता येणार नाही. त्या मुलीला सांगा, ऐकणारे तिथे फार नव्हते. म्हणून त्याने काम गावात केलं आणि मतं गाठीला बांधून तो पॅरिसला गेला. त्याचं वजन होतं ते तिथल्या मतपेट्यांत.

१९५६ मध्ये फ्रान्सने वसाहतींना थोडा कारभार स्वतः करू देणारा कायदा केला. १९५७ मध्ये पुवानाआंच्या पक्षाने ३० पैकी १७ जागा जिंकल्या आणि नव्या शासन परिषदेचे ते उपाध्यक्ष झाले. अध्यक्ष मात्र फ्रेंच गव्हर्नरच. नियम तसाच होता.

आणि इथे त्यांनी आयकर आणायचं ठरवलं. यात खरी गोम आहे, वर्गात जरूर समजावून सांगा. बेटावर सगळं बाहेरून येतं: पीठ, कापड, रॉकेल, खिळे. सरकारचं उत्पन्न जकातीतून. म्हणजे कोप्रा, म्हणजे सुकं खोबरं, वाळवणारा कोळी आणि दहा दुकानांचा मालक, दोघेही पिठाच्या पोत्यावर सारखाच कर भरणार. पुवानाआ म्हणाले, ज्याची मिळकत जास्त त्याने जास्त द्यावं. १९५८ च्या एप्रिलमध्ये पापेएतेतले व्यापारी रस्त्यावर उतरले, विधानसभेवर दगडफेक झाली, आणि कर मागे घ्यावा लागला. निवडून आलेल्या परिषदेला तेव्हा कळून चुकलं की मतपेटीच्या पलीकडेही एक ताकद आहे. माझ्या मते त्यांची पडझड इथून सुरू झाली. पुष्कळ लोक ती त्याच वर्षी पुढे झालेल्या सार्वमतापासून धरतात.

मडगावकर

काका, लिहीत राहा. मध्येच एक छोटी भर घालतो, कारण बोटीच्या प्रवासाचं वाचून राहवलं नाही.

आमच्या गोव्यातूनही लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी जात. नावेलीचे डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स १८६१ मध्ये लिस्बनला निवडून गेले. पेशाने डॉक्टर, वय बत्तीसच्या आत. क्षयाने खंगले, आणि १८६९ मध्ये गोव्याला परतत असताना वाटेत बोटीवरच वारले. चाळीस वर्षांचे होते. घरची माती दिसली नाही. नावेलीच्या जिल्हा वाचनालयाला त्यांचं नाव आहे, मी परीक्षांचा सगळा अभ्यास तिथेच बसून केला. तिथे येणाऱ्या मुलांना विचारलं तर दहातल्या आठांना ते कोण होते ते सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मीनलताई, जमलं तर त्यांनाही तुमच्या धड्यात दोन ओळी द्या.

दर्यावर्दी_हर्णै

मडगावकर, हे ठाऊक नव्हतं. घरच्या वाटेवर बोटीत वारलेला माणूस. मनात राहील.

पुढे लिहितो.

१९५८ च्या सप्टेंबरमध्ये द गॉल यांनी नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं. वसाहतींसाठी प्रश्न सरळ होता: 'हो' म्हणा आणि फ्रान्सबरोबर राहा, 'नाही' म्हणा आणि लगेच वेगळे व्हा. आफ्रिकेतल्या गिनीने 'नाही' म्हटलं आणि काही दिवसांतच तो देश स्वतंत्र झाला. पुवानाआंनी ताहितीत 'नाही'चा प्रचार केला. त्यांच्याच पक्षातला एक मोठा गट फुटून 'हो'कडे गेला. २८ सप्टेंबरला निकाल लागला: ६४ टक्के 'हो'.

दहा दिवसांत गव्हर्नरने त्यांना परिषदेतून काढलं. ११ ऑक्टोबरला अटक झाली. आरोप असा, की आदल्या रात्री पापेएते शहर जाळण्याचा कट त्यांनी रचला. शहर काही जळलं नाही. वर्षभराने, १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये खटला चालला आणि ६४ वर्षांच्या माणसाला ८ वर्षांची कैद आणि त्यावर १५ वर्षं बेटावर पाय न ठेवण्याची शिक्षा झाली. हिशेब करा: कैद भोगून आणि हद्दपारी संपवून परत यायचं तर वय ८७. फ्रान्समधल्या मार्सेल शहराच्या तुरुंगात नेलं. कैदेतून पुढे वेळेआधी सोडलं, पण घरी परतायची बंदी कायम ठेवली.

त्या काळाबद्दल म्हातारा फारसं बोलला नाही. तो तेव्हा विशीत होता. एवढंच सांगितलं की अटकेच्या दिवशी वडिलांनी दुपारी दार लावून घेतलं आणि रविवारी प्रार्थनेला जाताना घातलेला काळा कोट आठवडाभर अंगातून काढला नाही.

१९६० मध्ये पुवानाआंचे चिरंजीव मार्सेल ओपा त्यांच्या जागी खासदार झाले, पण वर्षभरातच वारले. बाप तिकडे फ्रान्समध्ये अडकलेला. १९६३ मध्ये पक्षच सरकारने विसर्जित केला. त्याच सुमाराला मोरुरोआ आणि फांगातौफा या दोन प्रवाळबेटांवर अणुचाचण्यांचं केंद्र उभं राहत होतं, कारण अल्जिरिया स्वतंत्र झाल्यावर सहारातली जागा हातची जाणार होती. २ जुलै १९६६ ला पहिला स्फोट झाला. १९९६ च्या जानेवारीपर्यंत एकूण १९३. १९७४ पर्यंतचे उघड्या हवेत.

पुवानाआंना चाचण्यांसाठीच वाटेतून दूर केलं, असं बेटावर पुष्कळजण मानतात. मी तेवढं ठामपणे म्हणणार नाही. मला तारखा ओळीने मांडल्यावर जे दिसतं ते असं: केंद्र उभं राहत होतं तेव्हा ज्या एका माणसाच्या शब्दावर अख्खं बेट उठलं असतं, तो माणूस बेटावर नव्हता. मार्सेल ओपांनंतर खासदार झालेल्या जॉन तेआरिकींनी १९६६ मध्ये द गॉल पापेएतेला आले तेव्हा त्यांच्या तोंडावर चाचण्यांचा निषेध केला. पुवानाआ नसतानाही त्यांच्या तालमीतली माणसं उभी राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमची बोट लागली तेव्हा शेवटच्या स्फोटाला दोन महिनेही झाले नव्हते. आम्हाला पाणी बंदरातून न भरता स्वतःचं बनवा असं वरून सांगितलं होतं. मी रोज इव्हॅपोरेटर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, चालवत होतो. आणि म्हातारा रोज त्याच समुद्रातला मासा खाऊन येऊन माझे दोर घेत होता. हे मी त्याला बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

नागपूरकर_७१

काका, लेखन उत्तम, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. ६४ टक्के लोकांनी त्यांच्या विरुद्ध मत दिलं. म्हणजे बेटानेच त्यांना नाकारलं ना? मग त्यांना 'सगळ्यांचे मेतुआ' म्हणणं कितपत बरोबर?

दर्यावर्दी_हर्णै

प्रश्न रास्त आहे. मीही म्हाताऱ्याला हेच विचारलं होतं, म्हणजे त्याच्या बायकोमार्फत.

ती म्हणाली, 'नाही' म्हटलं की दुसऱ्या दिवशी फ्रान्सची बोट येणं बंद होईल, असं त्यांच्या वाडीत सगळ्यांना वाटत होतं. बोट नाही म्हणजे पीठ नाही, औषध नाही, कोप्रा उचलायला कुणी नाही. महायुद्धात लढलेल्यांचं पेन्शन नाही. रेडिओ सरकारच्या हातात. दूरच्या प्रवाळबेटांवर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी गलबतासारखी बोट जायची. तिथल्या माणसाला 'नाही'चा अर्थ कोण समजावणार? तिच्या सासऱ्यांनी स्वतः 'हो'ला मत दिलं होतं, आणि फोटोही त्यांनीच आणून लावला होता. दोन्ही एकाच माणसाने केलं. मला ते ऐकून काही वेळ काही सुचलं नाही, पण आमच्या वाडीतही मत एकीकडे आणि जीव दुसरीकडे असलेली माणसं मी पाहिली आहेत.

शिवाय ६४ टक्के 'हो' म्हणजे एवढं दडपण असूनही शंभरातल्या ३६ जणांनी 'नाही' म्हटलं. आणि ते निवडणूक हरले म्हणून तुरुंगात गेले नाहीत. हरल्यावर तर ते तसेही निष्प्रभ झाले असते. शिक्षा झाली ती आगीच्या आरोपावरून, आणि त्या आरोपाचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

१९६८ मध्ये द गॉल यांनीच माफी दिली आणि ३० नोव्हेंबरला पुवानाआ ताहितीत परतले. वय ७३. गर्दीत म्हाताराही होता. म्हणाला, आम्ही ओरडायचं ठरवून गेलो होतो, पण ते दिसल्यावर आधी बायका रडायला लागल्या आणि मग कुणालाच ओरडता आलं नाही.

१९७१ मध्ये याच माणसाला ताहितीने पॅरिसच्या सिनेटवर निवडून पाठवलं. कैदी म्हणून गेला होता तिथे सिनेटर म्हणून गेला. तोपर्यंत स्वायत्ततेची मागणी फ्रान्सिस सॅनफर्ड आणि तेआरिकी पुढे नेत होते. १० जानेवारी १९७७ ला पुवानाआ सिनेटर असतानाच वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये बेटांना अंतर्गत कारभाराचा नवा कायदा मिळाला. सहा महिने कमी पडले.

माफी म्हणजे निर्दोष नव्हे. मरेपर्यंत त्यांच्या नावापुढे गुन्हेगार हा शिक्का होता. ते स्वतः शेवटपर्यंत फेरतपासणी मागत राहिले. २०१४ मध्ये न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी खटला पुन्हा उघडण्यासाठी अर्ज केला. या बाई स्वतः फ्रेंच गयानातून अनेक वर्षं खासदार होत्या, म्हणजे समुद्रापलीकडूनच आलेल्या. मला वाटतं, त्या मुलीच्या 'ऐकतं कोण' या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. जुनी कागदपत्रं आणि साक्षी पुन्हा तपासल्या गेल्या आणि २५ ऑक्टोबर २०१८ ला पॅरिसच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. शिक्षेनंतर ५९ वर्षांनी, मृत्यूनंतर ४१ वर्षांनी.

अनघा_लिऑन

त्या दिवशी मी इथे बातमी पाहिली होती, काका. दोन मिनिटांत पुढची बातमी लागली. आज पहिल्यांदा नीट समजलं.

मीनल_सातारा

काका, हे सगळं मी आधी दोन तासिकांत बसवायला बघत होते, आता तीन लागतील आणि मी त्या घेणार आहे. मडगावकर, डॉ. गोम्स नक्की येतील, नावेलीसुद्धा नकाशावर दाखवेन. नागपूरकरांचा प्रश्न मी मुलांनाच आधी विचारणार आहे, उत्तर नंतर.

तो म्हातारा २०१८ ला होता का? निकाल त्याला कळला असेल का?

आणि एक विनंती. त्या बेटावरची एखादी वस्तू, फोटो वगैरे तुमच्याकडे असेल तर फोनवर पाठवाल का? मुलांना दाखवीन.

दर्यावर्दी_हर्णै

ताई, तो होता का, मला सांगता येत नाही. त्याचा पत्ता मी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला होता. पुढच्या बोटीवर सामान बदलताना ते पाकीट गेलं. त्यानंतर माझी बोट कधी पापेएतेला लागली नाही. २०१८ ची बातमी वाचली तेव्हा मी पडवीत बसून हिला मोठ्याने वाचून दाखवली, कारण कुणाला तरी सांगायला हवी होती.

वस्तू आहे. बोट सुटली त्या दिवशी त्या बाईंनी माझ्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली. तिथली पद्धत आहे, निघणाऱ्याला माळ घालतात. बारीक शिंपले, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पिवळट पांढरे, मध्ये एकेक तपकिरी. गेली सगळी वर्षं ती देवघराशेजारच्या खिळ्याला आहे. दोन ठिकाणी दोरा तुटला, हिने नायलॉनच्या मासळीच्या दोऱ्यात परत ओवली.

फोटो नको. माळच पाठवतो. मुलांना हातात घेऊन बघू दे. शाळेचा पत्ता मला खासगी संदेशात कळवा, सोमवारी दापोलीला जाणार आहे, तिथून कुरिअर करतो. एकेका मुलाने घातली तरी चालेल, फक्त ओढू नका म्हणावं, गाठ मधोमध आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी परत पाठवा.